लकव्यानंतर मंदावलेला मेंदू आणि नागपूरची प्राधान्यं

लकवा मारला की विदर्भातल्या घरांत दोन प्रश्न लगेच विचारले जातात. हात-पाय परत चालतील का, आणि बोलता येईल का? तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. माणूस दवाखान्यातून घरी येतो, काठी धरून अंगणात फिरायला लागतो, नातेवाईक 'वाचले बिचारे' म्हणून निघून जातात. मग काही महिन्यांनी घरच्यांच्या लक्षात येऊ लागतं की पैशांचा हिशेब जमत नाही, हातातलं काम मधेच सुटतं, साध्या प्रश्नाचं उत्तर यायला फार वेळ लागतो. दिवसभर टीव्हीसमोर बसून राहतात, पण काय पाहिलं ते सांगता येत नाही. तोवर कुणीतरी म्हणून टाकतं, "वय झालं ना जी आता त्यांचं."

याला वय एवढंच कारण नाही. रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे मेंदूची विचार करण्याची, ठरवण्याची, लक्ष टिकवण्याची ताकद कमी होते आणि डॉक्टर त्याला व्हॅस्क्युलर कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट म्हणतात. अल्झायमरच्या खालोखाल स्मृतिभ्रंशाचं सर्वांत मोठं कारण हेच. कधी ते मोठ्या लकव्यानंतर येतं, कधी लकवा न येताच. वर्षानुवर्षं बीपी आणि साखर वाढलेली राहिली की मेंदूच्या खोल भागातल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या जाड आणि अरुंद होतात, काही बंद पडतात. एमआरआयवर पांढरे डाग दिसतात, डाळीच्या दाण्याएवढ्या जागा मेलेल्या दिसतात. मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी ज्या तंतूंनी बोलतात, ते तंतू इथे खराब होतात. म्हणून सुरुवातीला आठवणी तितक्या जात नाहीत, वेग जातो आणि कामांचा क्रम लावणं जातं. पुढाकार संपतो. घरच्यांना तो आळस वाटतो, आणि आळशी माणसावर लोक चिडतात. माझ्या मते या आजारातला सर्वांत मोठा अन्याय इथेच होतो.

हा प्रश्न नागपूरचा आहे, कारण अख्खा पूर्व विदर्भ उपचारासाठी इथेच येतो, शिवाय बालाघाट आणि छिंदवाड्याचे लोकही. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने गावांमधल्या मृत्यूंची नोंद ठेवून केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लकवा हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं: दर सात मृत्यूंपैकी साधारण एक. ज्या भागाची ओळख आपण मलेरिया आणि कुपोषणाशी जोडून ठेवली, तिथे ही स्थिती. जे मरतात त्यांची निदान मोजणी झाली. जे वाचतात आणि मंदावलेल्या डोक्याने पुढची वर्षं काढतात, त्यांच्याकडे पाहणारी व्यवस्थाच आपण उभी केलेली नाही. देशभराचा अंदाज २०२३ मध्ये आला: साठीच्या पुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले आहेत.

आता या मोकळ्या जागेत यंत्रं येऊ लागली आहेत. ती काय करतात हे आधी नीट समजून घेऊ, कारण त्यांना जादू समजणं जितकं चूक, तितकंच थोतांड म्हणून झटकून टाकणंही चूक.

पहिलं यंत्र चुंबकाचं, टीएमएस (ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन). १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पहिल्यांदा दाखवलं. डोक्यावर तारेचं वेटोळं धरायचं, त्यातून क्षणभर जोरदार वीज सोडायची. तयार झालेलं चुंबकीय क्षेत्र कवटीतून आरपार जातं आणि आतल्या मेंदूच्या पृष्ठभागात छोटासा विद्युतप्रवाह निर्माण करतं. ठोके वेगाने दिले, उदाहरणार्थ सेकंदाला दहा, तर तो भाग जास्त उत्तेजित होतो. सेकंदाला एक दिला तर शांत होतो. औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये याला परवानगी दिली, आणि त्या आजारात त्याचा उपयोग पक्का आहे. दुसरी पद्धत विजेची, टीडीसीएस (ट्रान्सक्रॅनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन). कपाळावर आणि डोक्यावर ओले स्पंज लावून एक-दोन मिलीअँपिअरचा अगदी सौम्य प्रवाह सोडतात. त्याने मेंदूच्या पेशी थेट संदेश सोडत नाहीत, फक्त सोडायला थोड्या अधिक तयार होतात. उपकरण लहान, टीएमएसच्या मानाने फार स्वस्त, घरीही नेता येणारं.

रक्तवाहिन्यांमुळे मंदावलेल्या मेंदूसाठी बहुतेकदा कपाळाच्या डाव्या बाजूमागचा भाग निवडतात, जिथून लक्ष आणि नियोजन चालतं. चाचण्या झाल्या आहेत, आणि अनेकांमध्ये रुग्णांचे गुण वाढलेलेही दिसतात. पण त्या बहुतेक लहान आहेत, काही डझन रुग्णांच्या, आणि पाठपुरावा आठवड्यांचा किंवा थोड्या महिन्यांचा. कुणी किती ठोके द्यायचे, कुठे, किती दिवस, याबद्दल एकमत नाही. शिवाय या रुग्णांचा मेंदू आक्रसलेला असतो, कवटी आणि मेंदू यांच्यातलं अंतर वाढलेलं असतं, मधे मेलेल्या जागा असतात. तरुण, निरोगी मेंदूसाठी ठरवलेली मात्रा तिथे पोचेलच असं नाही. डोक्यावरून वीज देण्याच्या अशा पद्धतींबाबत २०१८ मध्ये मृतदेहांवर केलेल्या मोजणीत तर सुमारे तीन चतुर्थांश प्रवाह त्वचा, मऊ ऊती आणि कवटी यांच्यातच वाया जाताना दिसला. सर्वांत अवघड गोष्ट अशी, की महिनाभर रोज घराबाहेर पडणं, कुणीतरी आपुलकीने विचारपूस करणं, आपल्यासाठी काहीतरी चाललंय ही भावना, एवढ्यानेही माणूस सुधारतो. म्हणून खोटं वेटोळं लावलेल्या गटाशी तुलना केल्याशिवाय यंत्राचा वाटा किती हे सांगता येत नाही.

मुद्दा मला असा मांडायचा आहे. नागपुरात या आजारासाठी पैसा खर्च होणार असेल, सरकारचा असो की घरचा, तर तो आधी बीपीच्या नियंत्रणावर आणि माणसांनी चालवलेल्या पुनर्वसनावर व्हावा. यंत्राने पुनर्वसनाच्या हाताखाली, मोफत आणि नोंदणीकृत चाचणीत काम करावं. महिन्याभराचं पॅकेज म्हणून स्वतंत्रपणे विकलं जाण्याची पात्रता त्याने अजून मिळवलेली नाही.

यंत्राच्या मागचं शास्त्रच हे सांगतं. उद्दीपनाने, म्हणजे असं बाहेरून चुंबक किंवा वीज देऊन, मेंदूचा एखादा भाग काही काळ शिकायला तयार होतो. शिकणं त्यात नसतं, ते सरावातून येतं. शेतात वाफसा आला म्हणजे पीक आलं असं होत नाही, पेरावं लागतं, आणि वाफसा निघून जाण्याआधी पेरावं लागतं. उद्दीपन चालू असताना किंवा संपल्या संपल्या रुग्णाला त्याच्या रोजच्या कामाचा सराव दिला नाही, तर त्या उद्दीपनाला धरायला काहीच उरत नाही.

सराव म्हणजे काय, हे मी माझ्या मामांच्या स्वयंपाकघरात पाहिलं. आयुष्यभर वीज मंडळात नोकरी केलेला, बिलातली चूक डोळ्यांनी पकडणारा माणूस. दुसऱ्या, तशा हलक्या झटक्यानंतर ते चहा करायला उभे राहायचे, पाणी ठेवायचे आणि साखरेचा डबा हातात घेऊन तसेच थांबायचे. चहा कसा करतात असं विचारलं तर सगळं बरोबर सांगायचे. करताना पुढची पायरी हाताला सापडायची नाही. मामी कंटाळून डबा काढून घ्यायची. एका तरुण व्यवसायोपचार तज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) मुलीने ओट्यावर भांडं, चहापत्ती, साखर, दूध असं डावीकडून उजवीकडे ओळीने मांडायला लावलं, भिंतीवर त्याच क्रमाने चित्रं चिकटवली, आणि मामीला बजावलं, "काकू, ते चित्राकडे बघेपर्यंत तुम्ही बोलायचं नाही. चुकण्याच्या आधी बोट दाखवायचं, चुकल्यावर रागवायचं नाही." रोज तीच वेळ, तोच क्रम. काही आठवड्यांत मामा स्वतःचा चहा स्वतः करू लागले. बँकेचं काम त्यांना आजही जमत नाही, आणि ते परत जमेल असं तिने कधी म्हटलंही नाही.

याच काळात शहरातल्या एका खासगी ठिकाणी त्यांना चुंबकाच्या उपचाराचा खर्च लिहून मिळाला होता. 'मेंदू परत चार्ज होईल' असं सांगितलं गेलं. त्या कागदावर सरावाचा एक शब्द नव्हता, आणि त्या दिवशी त्यांचं बीपीसुद्धा कुणी मोजलं नाही. मामीने मंगळसूत्र मोडायची तयारी केली होती. हे लिहितानाही मला त्या कागदाचा राग येतो.

बीपीचा मुद्दा मी उगाच लावून धरलेला नाही. पहिल्या लकव्यानंतर लवकरच साधारण दहांतल्या एकाला नव्याने स्मृतिभ्रंश होतो, पण पुन्हा लकवा आला तर हेच प्रमाण एक तृतीयांशाच्या वर जातं. म्हणजे दुसरा झटका टाळणं हाच बुद्धी वाचवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग. 'प्रोग्रेस' नावाच्या चाचणीत आधी लकवा किंवा त्याची चाहूल येऊन गेलेल्या ६,१०५ लोकांना रक्तदाबाची औषधं किंवा नुसत्या बिनऔषधी गोळ्या दिल्या. औषध घेणाऱ्यांत पुन्हा लकवा येण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं, आणि पुन्हा लकवा येऊन स्मृतिभ्रंश होण्याचं ३४ टक्क्यांनी. मेंदूच्या कोणत्याही उद्दीपनाकडे आज असा पुरावा नाही.

आणि तरी आपल्याकडे काय चालतं? "बरं वाटून राहिलं, म्हणून गोळी बंद केली." हे वाक्य मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, ओपीडीत रांगेत उभं राहिलं की कानावर पडतंच. बीपी वाढलं की चक्कर येते आणि डोकं दुखतं, तसं नसेल तर बीपी नाही, हा समज शिकलेल्या घरांतही पक्का आहे. तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटत नाही. ॲम्लोडिपिनसारखी बीपीची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळायला हवी, आणि ती महिन्याची एकदम मिळायला हवी, कारण आठवड्याच्या गोळ्यांसाठी दर वेळी मजुरी बुडवून कुणी येत नाही. केंद्राच्या उच्च रक्तदाब नियंत्रण मोहिमेच्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत आपल्या शेजारचे भंडारा आणि वर्धा होते. ठरलेली औषधं, ठरलेला क्रम, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि न आलेल्याचा शोध, ही त्या मोहिमेची पद्धत. साधी आहे, आणि तिचा फायदा मोठा आहे.

पुनर्वसनाबद्दल एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. २०१७ मध्ये भारतातल्या चौदा रुग्णालयांत १,२५० लकवाग्रस्तांवर झालेली 'अटेंड' ही चाचणी प्रसिद्ध झाली. घरातल्याच एका माणसाला प्रशिक्षण देऊन घरी व्यायाम करून घ्यायचे, अशी कल्पना होती. सहा महिन्यांनी पाहिलं तर मृत्यू आणि परावलंबन दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं. मग पुनर्वसनावर पैसा का घालायचा, असं कुणी विचारेल. मी या निकालातून वेगळा धडा घेतो. त्या चाचणीने पुनर्वसन निरुपयोगी ठरवलेलं नाही, घरच्यांच्या खांद्यावर टाकलेलं पुनर्वसन पुरत नाही हे दाखवलं. आणि घरचे म्हणजे जवळजवळ नेहमीच बायको, सून नाहीतर मुलगी. ती आधीच स्वयंपाक, मुलं, कधी बाहेरची नोकरी सांभाळून औषधपाणी करत असते. तिच्या हाती छापील पत्रक देऊन आपली जबाबदारी संपली असं मानणाऱ्या धोरणाला मी पुनर्वसन म्हणणार नाही. पगारी, शिकलेलं माणूस लागतं.

ते माणूस घडवण्याची सोय नागपुरात आहे. मेडिकलमध्ये व्यवसायोपचाराचं शासकीय शिक्षण मिळतं, मिहानला एम्स आहे, मेयो हे दुसरं शासकीय रुग्णालय आहे, भौतिकोपचाराची (फिजिओथेरपीची) महाविद्यालयं आहेत. इथे शिकलेली मुलंमुली पुढे मुंबई-पुण्याला किंवा परदेशात जातात, कारण सावनेर, उमरेड, देसाईगंज किंवा अहेरीच्या रुग्णालयात मेंदूच्या पुनर्वसनाचं कामच त्यांच्यासाठी ठेवलेलं नाही. दर डिसेंबरला हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं आणि विदर्भाच्या आरोग्याच्या मागण्या निघतात. त्यांत यंत्रांची आणि इमारतींची यादी मोठी असते. या वर्षी त्यात एक ओळ असावी: प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात एक व्यवसायोपचार तज्ज्ञ आणि एक वाचा-उपचार तज्ज्ञ, कायम पदावर.

विमा योजनांमधली पोकळीही भरायला हवी. आयुष्मान भारतमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना संरक्षण मिळालं, ही चांगली गोष्ट. पण ती योजना भरती झालेल्या रुग्णासाठी आहे, बाह्यरुग्ण उपचार तिच्यात येत नाहीत. मेंदूचं पुनर्वसन तर महिनोन्महिने, भरती न होता चालणारं काम. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायला गेलं तर २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, स्मृतिभ्रंश मात्र नावाने नाही. हात लुळा पडलेला असेल तर टक्केवारी मिळते. विचारांचा क्रम तुटलेला असेल तर त्याची गणती कशात करायची, हे टेबलापलीकडच्या माणसालाही ठाऊक नसतं.

इथे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचाही उल्लेख करायला हवा, कारण तो विदर्भाचा आजार आहे आणि या चर्चेतून तो नेहमी गळतो. सिकलसेल असलेल्या मुलांच्या मेंदूतही रक्तपुरवठा अडून छोट्या, न जाणवणाऱ्या जखमा होऊ शकतात. पोर शाळेत मागे पडतं आणि त्याला ढ म्हटलं जातं. आपल्याकडच्या सिकलसेलमध्ये लकव्याचं प्रमाण आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा कमी मानलं जातं, तरी ते शून्य नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतला रक्ताचा वेग मोजणारी डॉप्लर सोनोग्राफी धोका असलेलं मूल आधीच ओळखते, आणि अशा मुलांना नियमित रक्त दिलं तर लकवा मोठ्या प्रमाणात टळतो, हे १९९८ पासून सिद्ध आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत नागपूर विभागाने या तपासणीचा आग्रह धरावा.

मग यंत्रांचं काय करायचं? मला ती नागपुरात हवी आहेत, फक्त योग्य जागी. लकव्यानंतरच्या नैराश्यात औषधांनी उतार पडत नसेल तर मानसोपचार तज्ज्ञाच्या सल्ल्याने चुंबकीय उपचार जरूर व्हावेत; नैराश्य उतरलं की डोकंही थोडं मोकळं होतं. आकलनासाठी मात्र एम्स आणि मेडिकलने मिळून एक चांगली चाचणी करावी. टीडीसीएससह व्यवसायोपचार, आणि खोट्या टीडीसीएससह तोच व्यवसायोपचार, अशी तुलना. टीएमएसचा नेहमीचा कोर्स आठवड्याला पाच दिवस आणि चार ते सहा आठवडे चालतो. सिरोंच्याच्या शेतमजुराने तो नागपुरात राहून कसा पूर्ण करायचा? छोटं उपकरण तालुक्याच्या रुग्णालयात तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरता येईल का, हा आपल्या भागाचा खरा संशोधनाचा प्रश्न आहे, आणि तो बाहेरचं कुणी आपल्यासाठी सोडवणार नाही.

त्या चाचणीत यश कशाने मोजायचं हेही इथेच ठरवावं लागेल. मॉन्ट्रियलमध्ये तयार झालेल्या चाचणीत घड्याळ आणि घन काढायला लावतात. कधी पेन्सिल हातात न धरलेल्या आजीचे गुण त्यात कमीच येणार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशी भाषांसाठी चाचण्यांचा संच तयार केला, त्याच्या पहिल्या पाच भाषांत मराठी नव्हती, आणि गोंडीचा तर प्रश्नच नाही. रुग्ण स्वतःच्या गोळ्या स्वतः वेळेवर घेतो का, बाजारातून भाजी आणून उरलेले पैसे नीट परत आणतो का, फोन लावून मुलाशी बोलतो का, हे मोजा. घरच्यांना फरक तिथेच कळतो.

ही चाचणी देशाच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदवलेली असावी आणि रुग्णाकडून एक रुपयाही घेतला जाऊ नये. संशोधनातल्या सहभागासाठी पैसे आकारू नयेत, असं वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंच सांगतात. मूलपेशींच्या (स्टेम सेलच्या) बाबतीत आपण हे सगळं भोगून झालं आहे. सिद्ध न झालेले उपचार लाखोंना विकले गेले आणि स्वमग्न मुलांचे आईबाप कर्जात बुडाले. तेव्हाही 'निदान नुकसान तर नाही ना' असंच म्हटलं जायचं. नुकसान असतं. टीएमएसने क्वचित फिट येऊ शकते, आणि लकव्याने मेंदूत व्रण झालेल्या माणसाला तो धोका जास्त. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर हा उपचार करू नये. आणि तेच पैसे बीपीच्या गोळ्या, घरी येणारा उपचारक किंवा श्रवणयंत्र यांवर खर्च करता येतात.

ज्यांच्या घरी आज असा माणूस आहे आणि ज्यांच्या हाती असा खर्चाचा कागद पडला आहे, त्यांनी पैसे भरण्याआधी समोरच्याला शांतपणे विचारावं: बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉलचं काय ठरवलंय? उद्दीपनाबरोबर रोजचा सराव कोण घेणार, त्याचं शिक्षण काय? ऐकू येणं, डोळे, झोप आणि उदासी तपासली का? आमच्यासारख्या रुग्णांवर याची चाचणी झाली असेल तर तीन महिन्यांनी किती लोकांमध्ये फरक टिकला? हे जर संशोधन असेल तर नोंदणी क्रमांक द्या, आणि मग आमच्याकडून पैसे कशाचे घेता तेही सांगा. उत्तरं कागदावर लिहून मागा.